तलंग अंड्यावर यायच्या बेताला मलूल पडली, तर कोणत्या क्रमानं काय करायचं

पाच-सहा महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी. तुरा लालसर व्हायला लागलाय, आज-उद्या पहिलं अंडं मिळेल म्हणून घरात वाट बघणं चाललंय. आणि एका सकाळी ती पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून खुराड्याच्या कोपऱ्यात बसलेली दिसते.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. कोणी म्हणतं, "अंड्यावर आलीय, म्हणून सुस्तावलीय, होईल बरी," आणि दोन दिवस तिच्याकडे कोणी बघत नाही. कोणी म्हणतं, "अंडं अडकलंय," आणि लगेच पोट दाबणं, चोच उघडून तेल ओतणं, घरात उरलेल्या गोळीचा तुकडा चारणं सुरू होतं. दोन्हींमुळे वाचू शकणाऱ्या तलंगा जातात. अंड्यावर येणं हा आजार नाही आणि त्यापायी कोंबडी मलूल पडत नाही. ती मलूल पडली असेल तर कारण शोधावंच लागतं. शोधायचा क्रमही ठरलेला आहे: आधी आसरा, मग पाणी, मग तपासणी, आणि औषध सगळ्यात शेवटी.

## १. अस्वस्थ आहे की मलूल, ते आधी ठरवा

पहिल्या अंड्याआधीच्या दिवसांत तलंगेचं वागणं बदलतं. ती खुराड्यात आत-बाहेर करते, अडगळीत, टोपलीत, सरपणाच्या ढिगाआड जागा शोधते, लांब सुरात ओरडते. तुम्ही जवळ गेलात की पंख किंचित पसरून जमिनीला चिकटून बसते. एखाद्या दिवशी दाणे कमी खाते. हे सगळं ठीक आहे. तिचे डोळे टक्क उघडे असतात, हाकललं तर ती पळते.

मलूल तलंग हाकलली तरी दोन पावलं टाकून पुन्हा बसते. शेपटी खाली पडलेली, मान आखडलेली, पिसं फुललेली. बाकीच्या दाण्यांवर तुटून पडतात तेव्हा ही जागची हलत नाही. एवढं दिसलं की पुढच्या पायरीकडे वळा, संध्याकाळची वाट बघू नका. दुखणं लपवणं हा कोंबडीचा स्वभाव आहे, त्यामुळे तुमच्या डोळ्याला दिसेपर्यंत ते बरंच पुढे गेलेलं असतं.

वयही ताडून बघा. संकरित लेअर (अंड्यांसाठीच्या) जाती साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. गिरिराज, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) यांसारख्या परसातल्या जातींना बहुधा २२ ते २४ आठवडे लागतात, आणि गावरान व कडकनाथ सहा महिन्यांच्या आसपास, कधी त्याहून उशिरा. तीन-साडेतीन महिन्यांची गावरान तलंग मलूल असेल तर अंड्याचा विचार सोडूनच द्या.

सावध: एकापेक्षा जास्त कोंबड्या एकदम मलूल पडल्या, डोकं सुजलं, तुरा काळा-निळा पडला, किंवा पटापट मरायला लागल्या, तर हा लेख बाजूला ठेवा. कोणाला हात लावू नका, मेलेली कोंबडी फाडू नका, खाऊ नका, विकू नका. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आलेला आहे. कळवण्यात लाज किंवा भीती बाळगू नका.

## २. तिला वेगळी करा

मोठा खोका, डालगं किंवा भाजीचा क्रेट चालेल. खाली वर्तमानपत्राचे दोन थर घाला. तूस किंवा भुसा नको, कारण शीट (विष्ठा) बघायची आहे आणि ती कागदावरच नीट दिसते. जागा शांत, थोडी अंधारी आणि कुत्र्या-मांजरापासून दूर हवी. वेगळं करण्याची कारणं दोन. आजार लागट असेल तर बाकीच्या वाचतात. आणि दुबळ्या कोंबडीला कळपातल्या इतर जणी टोचून टोचून रक्तबंबाळ करतात.

हिवाळ्यात किंवा पावसात भिजली असेल तर ऊब द्या. खोक्याच्या एका बाजूला ४० वॉटचा साधा बल्ब पुरतो. दुसरी बाजू थंड ठेवा, म्हणजे तिला हवं तिकडे सरकता येईल.

एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं करायचं. निरोगी कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील, तर तिला उष्णता लागली आहे. अशा तलंगेवर बल्ब लावणं म्हणजे तिला मारणंच. सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवा आणि पाय साध्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

## ३. आधी पाणी, खाणं नंतर

कोंबडी एक-दोन दिवस खाल्ल्यावाचून तग धरते, पाण्यावाचून धरत नाही. पसरट, जड भांड्यात ताजं पाणी तिच्या चोचीजवळ ठेवा. मेडिकलमधलं ओआरएस पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पाण्यात मिसळून पहिले चार-सहा तास द्या आणि शेजारी साधं पाणीही ठेवा. ती स्वतः पीत नसेल तर बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावा. तिनं गिळला की पुढचा थेंब.

सावध: चोच फाकवून ड्रॉपरनं पाणी किंवा तेल घशात सोडू नका. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. ओतलेलं द्रव सरळ फुप्फुसात जातं, आणि "तेल पाजलं तरी मेली" असं म्हणायची वेळ येते.

## ४. हातात घेऊन तपासा

ती थोडी स्थिरावली की एक तळवा छातीखाली, पाय बोटांच्या बेचक्यात, आणि दुसरा हात पाठीवर, अशी धरा. उलटी लटकवू नका. तपासणी पुढून मागे करा, म्हणजे काही सुटत नाही.

डोळे, नाक, चोच. फेस, पाणी, सूज आहे का? श्वासाला घरघर आहे का? तोंडात पिवळट पापुद्रे आहेत का?

तुरा. अंड्यावर आलेल्या तलंगेचा तुरा आणि चोचीखालचे कल्ले मोठे, लाल, गरम असतात. पांढुरका तुरा म्हणजे अंगात रक्त कमी आहे, आणि त्याचं कारण बहुधा जंत किंवा रक्त पिणारे किडे. कडकनाथमध्ये तुऱ्याच्या रंगावरून अंदाज बांधता येत नाही, तिथे पुढच्या खुणा बघा.

गळ्याखालची धान्याची पिशवी. ही सकाळी, काही खायच्या आधी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी ती कणकेच्या घट्ट गोळ्यासारखी लागली तर आत लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलं असण्याची शक्यता आहे. लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आतलं अन्न आंबलंय. उलटी धरून ते ओकवायला जाऊ नका, तिथेही फुप्फुसात जाण्याचाच धोका आहे. दाणे बंद, पाणी सुरू, हलक्या हातानं चोळणं, आणि दुसऱ्या सकाळीही तसंच असेल तर डॉक्टर.

छातीचं हाड. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर दुखणं नवं आहे. हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला टोचलं तर ती कित्येक दिवसांपासून आतून खंगत होती. घरात वजनकाटा असेल तर वजन करून लिहून ठेवा. उद्याच्या वजनाशी ताडून बघण्याइतकी खात्रीची दुसरी खूण नाही.

पिसांची मुळं. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं फुंकर मारून बाजूला करा. पळणाऱ्या पिवळट उवा, पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे, चिकटलेले गोचीड दिसतात का?

मागची दोन हाडं. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे, म्हणून सावकाश वाचा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक टोकाची दोन हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये तुमचं एकच बोट मावत असेल, हाडं ताठ असतील, गुदद्वार लहान, गोल, कोरडं असेल, तर ही तलंग अजून अंड्यावर आलेली नाही. तिचं अंडं अडकायचा प्रश्नच नाही. दोन किंवा अधिक बोटं मावत असतील, हाडं लवचिक असतील, गुदद्वार रुंद आणि ओलसर असेल, तर अंडं जवळ आहे.

पडताळा: तुरा लहान आणि फिका, अंतर एका बोटाचं? सातवी पायरी वगळा, कारण दुसरीकडे आहे. तुरा लाल, अंतर दोन-तीन बोटांचं, आणि ती कुंथतेय? सहावी पायरी वरवर वाचा आणि सातवीकडे जा.

## ५. कागदावरची शीट वाचा

तपकिरी, घट्टसर, वर पांढरी टोपी: ही निरोगी शीट. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, दुर्गंधीची शीट पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांमधली असते आणि तिला हगवण समजून औषध देणं ही नेहमीची चूक आहे.

लाल किंवा नारिंगी, रक्ताचे धागे असलेली शीट दिसली तर रक्ती हगवणीचा संशय घ्या. पातळ, गडद हिरवी शीट पोट रिकामं असल्यानंही होते आणि मानमोडी (राणीखेत) या साथीच्या रोगातही होते, त्यामुळे एकट्या हिरव्या रंगावर निदान करू नका. जंत उघड दिसले तर प्रश्नच मिटला. शीट अजिबात पडत नसेल आणि ती कुंथत असेल, तर मात्र घाई करा.

## ६. कारणाचा अंदाज बांधा

या वयातल्या तलंगा अडकलेल्या अंड्यापेक्षा खालच्या कारणांनी जास्त मलूल पडतात.

*किडे आणि गोचीड.* खुराड्याचा गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत, मातीच्या भिंतीत, पत्र्याच्या सांध्यात लपतो आणि रात्री कोंबडीचं रक्त पितो. त्यामुळे दिवसा तलंग तपासून "काहीच नाही" म्हणणारे फसतात. रात्री नऊ-दहा वाजता टॉर्च घेऊन जा, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला, खाचांमध्ये बघा. पांढरं फडकं दांडीवर घासा, लाल डाग पडले तर उत्तर मिळालं. हे गोचीड रक्त पितातच, शिवाय ताप आणि हिरव्या हगवणीचा एक जिवाणूजन्य आजारही पसरवतात. कोंबडीवर औषध मारून खुराडं तसंच ठेवलं तर आठवडाभरात पुन्हा तेच. फटी बुजवा, चुना लावा, दांड्या उन्हात टाका. कीटकनाशक डॉक्टरांना विचारूनच घ्या. शेतात फवारायचं औषध अंदाजानं पातळ करून कोंबडीला लावू नका.

*जंत.* परसात मोकळ्या फिरणाऱ्या, जंताचं औषध कधीच न मिळालेल्या तलंगेत हे गृहीतच धरा. अंड्याची तयारी सुरू झाली की शरीराची गरज वाढते आणि तोवर सहन झालेले जंत तेव्हा भारी पडतात.

*रक्ती हगवण.* लहान पिल्लांचा आजार म्हणून ओळखला जातो, पण पावसाळ्यात ओल्या तुसावर राहणाऱ्या तलंगांनाही होतो. यावरचं ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात, मात्रा पाकिटावर असते. ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, त्यातल्या बी-१ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम मारला जातो. लोक नेमकं "ताकद यावी" म्हणून दोन्ही एकत्र देतात.

*मॅरेक्स.* हा विषाणूंमुळे होणारा आजार. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला, तलंग उठू शकत नाही, भूक मात्र आहे. याला उपचार नाही. लस हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात, म्हणून पिल्लं घेतानाच विचारून घ्यायचं असतं.

*मानमोडी.* मान वाकडी, धाप, हिरवी हगवण, आणि दोन-तीन दिवसांत बाकीच्याही आडव्या. लस झालेली नसेल तर हा संशय सगळ्यात वर ठेवा.

*विषबाधा.* जूनमध्ये पेरणीच्या वेळी औषध चोळलेलं गुलाबी-लाल बियाणं, फवारलेल्या शेतातले किडे, उंदराचं औषध, लोणच्याचा खार, बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड. काल ती कुठे चरली होती, हे घरातल्या मुलांना विचारा. त्यांना बहुधा माहीत असतं.

## ७. अंडं खरंच अडकलं असेल तर

खुणा: ती छाती वर, शेपटी खाली करून उभी राहते, पुन्हा पुन्हा कुंथते, अंड्याच्या जागी जाऊन रिकामी परत येते, शीट अडलेली असते किंवा गुदद्वाराला चिकटलेली असते. पोटाखाली तळवा हलकेच लावला तर कधी कठीण गोल हाताला लागतो.

१. टबमध्ये कोमट पाणी घ्या. तुमच्या कोपराला सुखद वाटेल इतपतच गरम. त्यात तिला पोट आणि गुदद्वार बुडेल अशी १५ ते २० मिनिटं धरून बसवा. बहुतेक जणी दोन मिनिटांत शांत होतात.

२. टॉवेलनं पूर्ण कोरडी करा. ओली ठेवली तर गारठून जाईल.

३. हातमोजा घालून गुदद्वाराच्या कडेला बाहेरून थोडं लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल लावा. बोट आत खोल घालू नका.

४. कोंबड्यांसाठीचं कॅल्शियमचं द्रव औषध लेबलवरच्या मात्रेत पिण्याच्या पाण्यातून द्या. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागतंच. कमी पडलं की स्नायू दमतात.

५. अंधाऱ्या, उबदार खोक्यात तासभर एकटी सोडा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका.

अंडं आलं नाही तर शेक पुन्हा द्या, दिवसात दोन-तीन वेळा.

सावध: पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका. आत अंडं फुटलं तर कवचाच्या धारेनं अंडनलिका फाटते आणि पोटात पू होतो. मायांग (अंडनलिकेचा आतला भाग) बाहेर आलं असेल तर ते स्वच्छ, ओल्या फडक्यानं झाकून, कळपापासून दूर ठेवून तातडीनं डॉक्टरांकडे न्या, कारण लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचतात.

## ८. डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन जायचं

कुंथायला लागून बारा तास झाले आणि अंडं नाही, शीट रक्ताची आहे, मान किंवा पाय लुळे पडलेत, श्वास लागलाय, किंवा चोवीस तासांत तिनं पाणीही घेतलेलं नाही: यातलं काहीही असेल तर थांबू नका. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, म्हणून आधी फोन करून जा. सोबत ताजी शीट स्वच्छ पिशवीत, पिल्लं कुठून आणि कधी आणली, कोणत्या लसी झाल्या, खाद्य कोणतं, एवढं कागदावर लिहून न्या. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

तलंग दगावली आणि घरात आणखी कोंबड्या असतील तर शवविच्छेदन करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. अंदाजानं पाच औषधं बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि बाकीच्यांचा जीव वाचतो. मेलेली तलंग दोन पिशव्यांत बांधून बर्फासोबत ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबईत परळला आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुना कसा आणि कुठे पाठवायचा ते तालुक्याचे डॉक्टर सांगतील.

प्रतिजैविक स्वतःच्या मनानं सुरू करू नका. जंत, गोचीड, उष्णता, अडकलेलं अंडं यांतल्या कशावरही ते चालत नाही, आणि त्याचा अंश पुढे अंड्यात उतरतो. दुकानदारानं कोलिस्टिन हे प्रतिजैविक असलेलं काही पुढे केलं तर घेऊच नका. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत ते वापरायला २०१९ पासून देशात बंदी आहे.

## ९. खाण्यावर आणणं आणि कळपात परत सोडणं

पाणी प्यायला लागली की तिचं रोजचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या. वर उकडलेल्या अंड्याचा चुरा घातला तर बऱ्याचदा तिथून खाणं सुरू होतं. तळलेलं, खारट, शिळा भात नको. उरलेलं दोन तासांनी काढून टाका, उन्हाळ्यात ते लगेच आंबतं.

सलग दोन दिवस भूक चांगली, शीट घट्ट आणि वजन स्थिर असेल तरच परत सोडा. सोडायची वेळ संध्याकाळची, कोंबड्या दांडीवर बसल्यावर. दिवसा सोडली तर परक्या कोंबडीसारखी वागणूक मिळते आणि मारामारी होते.

## १०. बाकीच्या तलंगांसाठी आत्ताच करायची कामं

खाद्य कधी बदलायचं, यात दोन्हीकडून चुका होतात. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ग्रोअरमध्ये (वाढत्या तलंगांच्या खाद्यात) एक टक्क्याच्या आसपास. तीन महिन्यांच्या तलंगेला लेअर खाद्य घातलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. अंडी सुरू झाली तरी ग्रोअरच चालू ठेवलं तर ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते, कवचं पातळ होतात, पाय दुबळे पडतात. तुरे लाल झाले, तलंगा हाताखाली बसायला लागल्या की आठवडाभरात थोडं थोडं मिसळत खाद्य बदला. शिंपल्याचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. एकाच खुराड्यात लहान तलंगा आणि अंड्यावरच्या कोंबड्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि बाजूला शिंपला, हीच वाट बरी.

लवकर अंडी मिळावीत म्हणून रात्री जादा बल्ब लावू नका. अंगानं भरायच्या आत अंड्यावर आलेल्या तलंगेत अंडं अडकणं आणि मायांग बाहेर येणं जास्त दिसतं.

जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि राहिलेल्या लसी पहिल्या अंड्याच्या महिनाभर आधी उरकून घ्या. अंड्याची जागा म्हणून चार-पाच कोंबड्यांमागे एक, साधारण फूटभर लांब-रुंद खोका अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आत कोरडं गवत. बाजारातून आणलेली नवी कोंबडी किमान दोन आठवडे वेगळी ठेवा, कितीही निरोगी दिसली तरी.

पहिली काही अंडी लहान, वेडीवाकडी, कधी कवचाशिवाय, कधी रक्ताची रेघ असलेली येतात. एवढ्यानं घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही कवच मऊच राहिलं तर खाद्य आणि शिंपला तपासा. आणि आजारपणात औषध दिलं असेल तर किती दिवस अंडी वापरायची नाहीत ते डॉक्टरांकडून विचारून कॅलेंडरवर लिहा. त्या मुदतीतली अंडी घरात खायची नाहीत, विकायची नाहीत, शेजारी द्यायचीही नाहीत. ती खड्ड्यात पुरा.